तीनशेव्या पानावर आठवेल

गेल्या चार महिन्यांत माझ्या डोळ्यांदेखत सहा जणींची स्मृती गेली. एकीची डोक्याला मार बसून, एकीची दारूपायी, एकीची समुद्रकाठी, एकीची जिममध्ये आपटून आणि उरलेल्या दोघींची वयोमानानुसार. सहाही जणी इंग्रजी बोलणाऱ्या. बहुतेकींची घरं ऐसपैस, नवरे नीटनेटके, आणि घरात एखादी खोली, एखादा खण किंवा एखादी रात्र अशी, की तिच्याबद्दल कुणी बोलायचं नाही. बायकोनं लायब्ररीतून पहिलं पुस्तक आणलं. तिचं वाचून व्हायच्या आत मी ते पळवलं. मग तिनं दुसरं आणलं. बघता बघता आमच्या घरात रात्री साडेदहानंतर कुणी कुणाशी बोलेनासं झालं. संसार सुखाचा झाला.

या जातीच्या कादंबऱ्यांचा साचा ठरलेला. बाई सकाळी उठते. शेजारी एक पुरुष घोरत असतो. हा कोण, हे तिला ठाऊक नसतं. (हे मी बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “यात रहस्य कसलं? मला सत्तावीस वर्षं झाली, अजून ठाऊक नाही.”) मग पुरुष प्रेमळपणे सांगतो, मी तुझा नवरा, तुला अपघात झाला होता, घाबरू नकोस. कॉफी देतो. कॉफी फार चांगली असेल, तर समजावं की या माणसाचं काही खरं नाही. पुढे दोनशे पानं बाई खण उघडते, फोटो शोधते, मैत्रिणीचा नंबर शोधते. आणि तीनशेव्या पानाच्या आसपास, जिन्याच्या वरच्या पायरीवर किंवा एखाद्या हॉटेलच्या खोलीत, तिला सगळं एकदम आठवतं. तारखेसकट, कपड्यांच्या रंगासकट, कोण काय म्हणालं त्यासकट. आमच्याकडे गॅसचा नंबर लावला की नाही, हे दुपारी आठवत नाही.

या लाटेतलं मोठं नाव एस. जे. वॉटसन याचं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत कानाच्या तपासण्या करणारा हा गृहस्थ लेखनाच्या वर्गाला जाऊन बसला आणि २०११ साली त्याची ‘बिफोर आय गो टु स्लीप’ आली. पहिलीच कादंबरी. तीन वर्षांत निकोल किडमनला घेऊन सिनेमाही झाला. यातली ख्रिस्टीन रात्री झोपली की दिवसभराचं सगळं पुसलं जातं. म्हणून ती चोरून रोजनिशी लिहिते आणि रोज सकाळी एक डॉक्टर फोन करून सांगतो, की कपाटात वही आहे, वाच. कल्पना झकास. पुस्तक खाली ठेववत नाही हेही कबूल. पण वही रोज वाढत जाते, आणि रोज ती पहिल्या पानापासून वाचायची. मी हिशोब करत होतो: ही बाई वाचते कधी, लिहिते कधी, जेवते कधी? शिवाय लिहिते ती अशी, की प्रत्येक संवाद अवतरणचिन्हात, पडद्यांचा रंग, पावसाचा आवाज, सगळं. वॉटसन हुशार. त्यानं बाईला आधीच्या आयुष्यात कादंबरीकार करून ठेवलंय. म्हणजे तक्रार करायला गेलात तर उत्तर तयार.

खऱ्या माणसाची रोजनिशी कशी असते ते ठाऊक आहे. क्लाइव्ह वेअरिंग नावाचा इंग्लंडमधला संगीताचा जाणकार. १९८५ साली साध्या नागिणीच्या कुळातल्या एका विषाणूनं त्याचा मेंदू पोखरला. तेव्हापासून काही सेकंदांपलीकडचं काही टिकेना. तोही रोजनिशी लिहायचा. पानं भरभरून. आणि प्रत्येक ओळीत एकच: मी आत्ता, या क्षणी, पहिल्यांदाच खराखुरा जागा झालो. शेजारी वेळ. पुढच्या ओळीवर पुन्हा तेच, आणि आधीची ओळ खोडलेली, कारण ती लिहिणारा तो नव्हेच. संवाद नाहीत. पडद्यांचा रंग नाही. संशयित नाही. बायको खोलीत आली की मात्र दर वेळी असा हर्ष, की जणू वर्षांनी भेट. ती बाहेर जाऊन पाच मिनिटांत परत आली तरी तोच हर्ष. आणि पियानोसमोर बसवलं, तर बोटं आपलं काम विसरत नव्हती. अशा माणसाची थरारकथा कोण छापणार? पहिल्याच पानावर तो बायकोवर पूर्ण विश्वास टाकून मोकळा झालाय.

वॉटसनला ही कल्पना ज्याच्या मृत्युलेखावरून सुचली, तो हेन्री मोलेसनही तसाच. अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये १९५३ साली फेफरं थांबावं म्हणून शल्यविशारदानं त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा भाग काढला, आणि फेफऱ्याबरोबर नव्या आठवणी साठवायची सोयच गेली. वय सत्तावीस. ब्रेंडा मिल्नर ही संशोधिका वर्षानुवर्षं त्याला भेटायला जायची आणि दर वेळी स्वतःची ओळख नव्यानं करून द्यायची. तो दर वेळी सभ्यपणे भेटायचा. शब्दकोडी सोडवायचा. आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तर दिवसेंदिवस हात सुधारत गेला, आणि हा म्हणतोय, मी हे यापूर्वी कधी केलेलं नाही. पन्नासावर वर्षं जगानं त्याला नुसतं ‘एच. एम.’ म्हणून ओळखलं. पूर्ण नाव २००८ साली तो गेल्यावर कळलं. दुसऱ्या वर्षी त्याच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप केले, आणि ते काम त्रेपन्न तास इंटरनेटवर थेट दाखवलं. इतकं सगळं घडलं, पण या माणसानं आयुष्यात एकदाही कुणाच्या खणात डोकावून पाहिलं नाही. कुणावर संशय घेतला नाही. आठवण गेलेला माणूस तपास करत नाही. तपास करायला कालचं आठवावं लागतं.

स्मृतिविकारांची इंग्लंडमधली एक तज्ज्ञ बाई, सॅली बॅक्सेंडेल, तिनं २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात सिनेमातल्या विस्मृतीचा पंचनामा केला होता. डोक्यावर एकदा आपटलं की जातं, दुसऱ्यांदा आपटलं की येतं, हे सगळं तिनं मोडीत काढलं. ज्यांना शाबासकी दिली ते अगदी मोजके: ‘मेमेंटो’, आणि ‘फाइंडिंग नेमो’मधली डोरी. डोरी हा मासा आहे. म्हणजे हॉलिवूडभर हिंडून खरी विस्मृती सापडली ती एका कार्टूनमधल्या मासळीत. ‘मेमेंटो’वरून आपल्याकडे ‘गजिनी’ आला, आधी तामीळमध्ये, मग हिंदीत, आणि ‘शॉर्ट टर्म मेमरी लॉस’ हे शब्द नाक्यावरच्या रिक्षावाल्यापर्यंत पोचले. मेंदूविज्ञानाचा इतका प्रसार कुठल्या विद्यापीठाला जमला नाही.

तर मग लेखकांना ही विस्मृती इतकी प्यारी का? कारण उघड आहे: सोय. गोष्ट ‘मी’ सांगतेय. ‘मी’ला सगळं ठाऊक आहे. आणि वाचकाला मात्र शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही. प्रामाणिक लेखकाला यात घाम फुटतो. अगाथा ख्रिस्तीनं १९२६च्या जूनमध्ये ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ आणली, तेव्हा तिनं हे बिनधास्त करून दाखवलं. सांगणाऱ्याला सगळं आठवतंय, तो फक्त दहा मिनिटं गाळतो. पुस्तक शंभरीला टेकलं, आता यापुढे रहस्य फोडल्याबद्दल कुणी माझ्या नावानं पत्रं पाठवू नयेत. त्या वेळी वाचक खवळले होते, की ही फसवणूक आहे. आजचा लेखक हुशार. तो सांगणाऱ्याला खोटं बोलू देत नाही, तो त्याला विसरायला लावतो. म्हणजे लपवाछपवी तीच, पाप नाही. शिवाय सहानुभूती वर.

आणि गंमत अशी, की त्याच वर्षी डिसेंबरात ख्रिस्तीबाई स्वतःच विसरल्या.

३ डिसेंबर १९२६. त्या वर्षी एप्रिलात आई गेलेली. ऑगस्टात नवऱ्यानं, कर्नल आर्ची ख्रिस्ती यानं, सांगितलेलं, की माझं नॅन्सी नील नावाच्या मुलीवर मन बसलंय, मला घटस्फोट हवा. त्या शुक्रवारी रात्री बाई मुलीचा पापा घेऊन मोटारीत बसल्या आणि निघाल्या. सकाळी मोटार सरे परगण्यातल्या एका टेकडीच्या उतारावर सापडली. आत फरचा कोट, वाहन परवाना. बाई नाहीत. झालं, सगळा देश कामाला लागला. पोलीस, हजारो हौशी लोक, कुत्री, विमानं. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल यांनी काय करावं? होम्ससारखं पावलांच्या ठशांमागे जावं? छे. त्यांनी बाईंचा एक हातमोजा मिळवला आणि तो अंगात येणाऱ्या एका माध्यमाला दिला. बिचारा होम्स.

अकरा दिवसांनी बाई सापडल्या. हॅरोगेटच्या पाण्याच्या उपचारांच्या एका उंची हॉटेलात. जेवत होत्या, नाचत होत्या, आणि स्वतःच्या फोटोंनी भरलेली वर्तमानपत्रं तिथल्या टेबलांवर पडलेली होती. हॉटेलातल्या बँजोवाल्यानं ओळखलं, पोलिसांना कळवलं. नोंदवहीत नाव काय लिहिलेलं? मिसेस टेरेसा नील, मुक्काम केपटाऊन. दोन डॉक्टरांनी निर्वाळा दिला: खरोखरीचा स्मृतिभ्रंश.

स्वतःचं नाव विसरली, नवरा विसरली, सात वर्षांची पोर विसरली. सवतीचं आडनाव तेवढं लक्षात राहिलं.

मी बाईंना खोटारडी म्हणत नाही. धक्क्यानं माणूस असा भरकटतो, त्याला वैद्यकात नावही आहे, आणि त्या बाईचं ते वर्ष पाहिलं तर कुणीही भरकटलं असतं. मला मजा वाटते ती त्या निदानाच्या सोयीची. ‘स्मृतिभ्रंश’ म्हटलं आणि सगळ्यांची अब्रू वाचली. नवऱ्याला लोकांनी विचारायचं ते विचारता येईना. बाईंनी सूड उगवला का, हे विचारता येईना. पोलिसांच्या खर्चाचं बोलणं निघालं, तेही विरलं. दोन वर्षांनी घटस्फोट झाला, आर्चीनं नॅन्सीशी लग्न केलं. आणि बाईंनी पुढे जाडजूड आत्मचरित्र लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९७७ साली आलं. बालपणातल्या डुलत्या घोड्यापासून सगळं त्यात आहे. ते अकरा दिवस नाहीत. रॉजर अ‍ॅक्रॉइडचीच युक्ती: खोटं काही लिहायचं नाही, नेमकं तेवढं गाळायचं.

ही सोय इंग्रजांनी शोधली असं कुणी समजू नये. आमच्याकडे ती फार जुनी. महाभारतातला दुष्यंत काही विसरत नाही. शकुंतला पोराला घेऊन दरबारात येते, तेव्हा त्याला सगळं लख्ख आठवतंय, आणि तो सरळ म्हणतो, की मी तुला ओळखत नाही. लोक काय म्हणतील म्हणून. शेवटी आकाशवाणी होते, तेव्हा मुकाट्यानं कबूल करतो, वर म्हणतो, मला ठाऊक होतंच. हा झाला इतिहासपुराणातला रोखठोक मामला: राजा खोटं बोलला. पुढे कालिदास आला. एवढा देखणा नायक, त्याला असा खोटारडा कसा दाखवायचा? मग दुर्वास आला, शाप आला, अंगठी आली, ती गिळणारा मासा आला. राजा आता खोटं बोलत नाही, त्याला फक्त आठवत नाही. आणि अंगठी दिसताच सगळं एकदम आठवतं. तीनशेवं पान ते हेच. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात तेच ‘शाकुंतल’ मराठीत गाऊन उभं केलं, पंचवीस वर्षांनी बालगंधर्व त्यात शकुंतला होऊन पहिल्यांदा रंगमंचावर आले, आणि महाराष्ट्रानं पिढ्यान् पिढ्या शकुंतलेसाठी डोळे पुसले. राजावर कोणी चप्पल उगारली नाही. आजारी माणसावर कशाला उगारायची?

हार्वर्डच्या हॅरिसन पोप आणि मंडळींनी मध्यंतरी एक हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं. आघात झाला आणि त्या आघाताची आठवणच मनानं पुसून टाकली, असं उदाहरण १८००च्या आधीच्या कुठल्याही भाषेतल्या लिखाणात दाखवा. त्यांचं म्हणणं, हा खरा आजार असता तर जुन्या साहित्यात सापडला असता. ज्या अर्थी सापडत नाही, त्या अर्थी ही एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीवाल्यांची देणगी. शेवटी बक्षीस मिळालं ते १७८६ सालच्या ‘नीना’ या फ्रेंच संगीतिकेला. आमच्या दुष्यंताला घेऊन कुणी गेलं असतं तरी नियमात बसला नसता. शाप हा आघात धरत नाहीत. शिवाय आघात झाला तो तिच्यावर; विसरला हा.

नव्या कादंबऱ्यांत एक बदल झालाय, आणि तो मला पटतो. आता विसरते ती बाई, आणि तिच्या विसरण्याचा फायदा घेतो तो पुरुष. पॉला हॉकिन्सच्या २०१५ सालच्या ‘द गर्ल ऑन द ट्रेन’मधली रेचल दारू पिते, तिची रात्रच्या रात्र कोरी होते, आणि त्या रात्री तिनं काय काय तमाशे केले, हे दुसऱ्या दिवशी तिला कुणी सांगायचं? ज्याला सांगायची सोय आहे तो सांगतो. तूच ओरडलीस, तूच मारलंस, तूच माफी माग. ती मागते. वर्षानुवर्षं मागते. कोण सांगतो ते मी सांगत नाही, पण घरात पुरुष किती होते ते मोजा. या पुस्तकात रहस्यापेक्षा हीच गोष्ट अंगावर येते. ज्याला आठवत नाही त्याचं गेलेलं आयुष्य शेजारी बसलेल्याच्या ताब्यात जातं. हे एका वाक्यातलं दुःख आहे, आणि त्यासाठी प्रेत लागतंच असं नाही. पण प्रकाशकाला प्रेत लागतं.

लिआन मोरियार्टीची अ‍ॅलिस जिममध्ये पडते आणि दहा वर्षं विसरते. उठते ती नवऱ्याच्या प्रेमात, आणि कळतं की घटस्फोट चाललाय. तीही वाचनीय. ई. लॉकहार्टच्या ‘वी वेअर लायर्स’बद्दल इतकंच, की श्रीमंत आजोबांचं खाजगी बेट असलं की नातवंडांनी जपून राहावं.

या सगळ्या पुस्तकांत आठवण म्हणजे कुलूपबंद कपाट. किल्ली हरवली. शेवटी सापडली. उघडलं तर आत सगळं घडी घातलेलं, जसंच्या तसं. एलिझाबेथ लॉफ्टस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईनं आयुष्यभर हेच सांगितलं, की कपाटबिपाट काही नसतं. १९९५ साली तिनं आणि तिच्या सहकारी बाईंनी चोवीस जणांना त्यांच्या लहानपणच्या चार गोष्टी लिहून दिल्या. तीन खऱ्या, घरच्यांकडून विचारून घेतलेल्या. चौथी बनावट, की तू पाच वर्षांचा असताना मॉलमध्ये हरवला होतास. साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांना ते थोडंफार आठवलं. घडलंच नव्हतं, तरी. यातली खोच बघा: घरच्यांची साक्ष असली की पुरे.

मला हे वाचून धक्काबिक्का बसला नाही, कारण मी स्वतः यात्रेत हरवलेलो आहे. चौथीत असताना. भेंडबत्ताशांचा वास, कंदिलाचा उजेड, हवालदाराच्या पट्ट्याचं पितळ, आणि त्यानं हातात दिलेली शेव, सगळं मला काल घडल्यासारखं आठवतं. मुलांना दहादा सांगून झालंय. तीन वर्षांपूर्वी एका लग्नात मामी म्हणाली, “तू कुठे हरवलास? आमचा धाकटा हरवला होता. तू तर आईच्या कडेवरून उतरत नव्हतास.” मामेभाऊ समोरच पंगतीत बसला होता. त्याला विचारलं. त्याला काही आठवत नाही. हवालदाराच्या शेवेचा वास अजून माझ्याच नाकात आहे.

म्हणूनच या सहा पुस्तकांतली दोन मी बाजूला काढून ठेवली. अ‍ॅलिस लाप्लांटची ‘टर्न ऑफ माइंड’, जिच्यात हातांच्या शस्त्रक्रिया करणारी डॉक्टरीणबाई स्वतःच्या मैत्रिणीच्या खुनात संशयित आहे आणि आपण तो केला की नाही हे तिला सांगता येत नाही. आणि दुसरी एमा हीलीची २०१४ सालची ‘एलिझाबेथ इज मिसिंग’. हिच्यातली म्हातारी मॉड. दारं बंद केली का विसरते, चहा केला का विसरते, डबाबंद फळांचे डबेच्या डबे विकत आणते. खिशात चिठ्ठ्या. सारखी म्हणते, माझी मैत्रीण एलिझाबेथ हरवली. पोलीस कंटाळलेत, मुलगी कंटाळलीय. आणि तिच्या आत खोलवर १९४६ साली हरवलेली तिची सख्खी बहीण अजून ताजी आहे. ही लेखिका फसवत नाही. वैद्यकात शंभरावर वर्षं ठाऊक असलेला नियम ती पाळते: नवं आधी जातं, जुनं शेवटी. म्हातारीला तीनशेव्या पानावर काही ‘आठवत’ नाही. ते तिला पहिल्यापासून ठाऊकच होतं. विचारायला कुणाला वेळ नव्हता.

आपल्याकडे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘अस्तु’ केला, त्यातले मोहन आगाशे आठवा. संस्कृतचा मोठा पंडित मोटारीतून उतरतो आणि रस्त्यावरच्या हत्तीच्या मागे मागे चालू लागतो. खून नाही, खण नाही, खलनायक नाही. मुली शोधतायत आणि आपल्या घशात आवंढा. बायको म्हणाली, यात सस्पेन्स काय? मी म्हटलं, सापडतात का, हाच.

आता मी जे सांगणार आहे त्यात सस्पेन्स नाही.

मे महिन्यात गावी गेलो होतो, कोकणात. सहावं पुस्तक पिशवीत. जमायचं कारण आंबे असं सगळे म्हणत होते, पण खरं कारण हमरस्त्याच्या अंगाचा तुकडा. रुंदीकरण झालं, भाव आला, घेणारा तयार, आणि घेणाऱ्याच्या वकिलानं जुने फेरफार काढून बघितले. आजोबा गेले त्या साली वारसनोंदीत चार नावं. चारही मुलगे. वकील म्हणाला, मुलगी पण होती ना? ती हयात आहे ना? मग तिची सही आणा.

मुलगी म्हणजे आमची आत्या. वय शहाऐंशी. पडवीत खुर्चीवर बसलेली. मला बघून माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारली. ते जाऊन अकरा वर्षं झाली. चहा झाला का, म्हणून तासाभरात तीनदा विचारलं. तीनदा दिला.

“तिला काही आठवत नाही रे,” थोरला चुलतभाऊ मला मागल्या दारी घेऊन म्हणाला. “हक्कसोडपत्र करून घेऊ. सही नाही जमली तर अंगठा. तिच्या मुलांना मी बघतो.”

संध्याकाळी कागद आला. मसुदाच होता, पण त्यानं वाचून दाखवला, मोठ्यानं, म्हणजे रीतसर. गट नंबर, क्षेत्र, आकार. मग आत्याचं नाव, माहेरचं, कुणाची मुलगी ते. आत्या ऐकत होती. हातातली बशी खाली ठेवली.

“दादा गेले तेव्हा तलाठी आला होता,” ती म्हणाली. आजोबांना सगळे दादा म्हणत. “इथेच बसला होता, खांबाला टेकून. उन्हाचा आला होता. मी ताक दिलं त्याला. त्यानं विचारलं, मुलं किती? तर भाऊ म्हणाला, चार. मी ताकाचा तांब्या घेऊन उभी होते.”

कुणीच काही बोलेना. गड्यानं अंगणात आंब्यांच्या पेट्या ठोकायचं काम थांबवलं होतं की मला तसं वाटलं, कोण जाणे. वहिनी पदर सावरत म्हणाल्या, “हल्ली असं काहीतरी बोलतात. भास होतात त्यांना.” चुलतभावानं कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मी शहरातला, लिहिणारा, चार शब्द बोलेन म्हणून. त्या तुकड्यात माझ्या वडिलांचा चौथा हिस्सा आहे.

“चहा झाला का रे?” आत्यानं विचारलं.

मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि दिव्याखाली सरकून बसलो. पान दोनशे चौऱ्याऐंशी. नायिकेला अजून काही आठवलं नव्हतं.